सॉलोमनला उशीर झाला त्या शनिवारी

कथबर्टचा पाय मोडला त्या हिवाळ्यात बाबांनी त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारला. तोही मला, ढाबळीची शिडी उतरता उतरता, माझ्याकडे न बघता.

"उजवा की डावा?"

"डावा, बाबा."

"हं," म्हणाले आणि कबुतरांचं पाणी बदलायला गेले. नऊ वर्षांत धाकट्या मुलाविषयी त्यांच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द.

कथबर्टनं खाण सोडली त्याला नऊ वर्षं झाली होती. पण त्या दिवसाचं बाबांचं एक वाक्य आधी सांगायला हवं, कारण या शनिवारचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. बाबा, माझा थोरला भाऊ नेड आणि कथबर्ट जमिनीखाली एकाच जागी कोळसा काढत. कोणी कुठे खणायचं हे दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायची आमच्या खाणीची रीत होती. ज्या आठवड्यात बाबांच्या नावावर सगळ्यात वाईट, गुडघाभर पाण्याची जागा निघाली, नेमका त्याच आठवड्यात कथबर्ट स्टेथबर्न क्लबच्या कागदावर सही करून आला. पगारी फुटबॉलपटू! बाबा चॅपेलमध्ये प्रवचन करणारे. फुटबॉल म्हणजे त्यांच्या लेखी दारू आणि जुगार यांचा मावसभाऊ. पण खरं दुखणं ते नव्हतं, ते पाणी होतं. त्या तीन महिन्यांत बाबांचे गुडघे जे गेले ते गेलेच. पोरगं ट्रंक घेऊन निघालं तेव्हा बाबा दारात उभे राहून म्हणाले, "जिंकशील तेव्हा तुला घ्यायला अख्खं गाव स्टेशनवर येईल. तिथं माझं काम नाही. ज्या दिवशी हरशील आणि त्या लोकांना नकोसा होशील, त्या दिवशी मी येईन."

टोमणाच होता तो. पण आमच्या घरात बाबांचा टोमणासुद्धा शब्द धरला जायचा.

आणि एकोणीसशे दहा सालच्या एप्रिलच्या त्या शेवटच्या शनिवारी तो दिवस आला असं आम्हां सगळ्यांना वाटलं.

मोसमाचा शेवटचा सामना चाळीस मैलांवर टार्नफर्थला होता. स्टेथबर्न जिंकलं तर पहिल्या विभागात जाणार होतं. पण आमच्या स्वयंपाकघरात त्याची कोणाला पडली होती! मोसम संपला की क्लब यादी लावायचा, पुढच्या वर्षी कोणाला ठेवलं आणि कोणाला नाही. कथबर्ट तिशीचा, सांधलेल्या पायाचा, हिवाळाभर घरी बसून काढलेला. परतल्यावरचा हा त्याचा तिसराच सामना.

चटईची चौकट टेबलावर आडवी टाकून आम्ही चौघी बसलो होतो. आई, केझाया आत्या, कथबर्टची बायको विनी आणि मी. जुन्या कोटांच्या चिंध्या गोणपाटात खोचायच्या, आणि तोंडानं गावाची उणीदुणी. सामना संपला की कथबर्ट आणि नेड आमच्याच स्टेशनवर उतरणार होते. म्हणून विनी सकाळीच आली होती.

"काळी चिंधी संपली," आत्या म्हणाली. "विनी, तुझ्या नवऱ्याचा खाणीतला जुना कोट आहे का गं? की ठेवलायस जपून, लागेल म्हणून?"

विनीनं हातातली चिंधी कचकन खोचली. "जपून ठेवलाय, आत्या. तुमच्या जिभेला गुंडाळायला."

"बघ, थॉमसिना, तुझी सून!"

"मी चटई बघतेय," आई म्हणाली. "दोघींनी वाकडी खोचलीय."

वरच्या अंगाला परसात ढाबळीतून बाबांचा आवाज येत होता. उद्याच्या प्रवचनाची ते कबुतरांपुढे तालीम करायचे. कबुतरं मधेच उठून जात नाहीत, एवढा एक गुण त्यांच्यात चॅपेलपेक्षा जास्त, असं ते म्हणत.

आता ही कबुतरांची गोष्ट. दर शनिवारी नेड दोन कबुतरं टोपलीत घालून सामन्याला न्यायचा. मध्यंतरात एक सोडायचा, सामना संपला की दुसरं, पायाला सिगारेटच्या कागदावर गोल लिहून. बाबांना यातलं काही 'माहीत नव्हतं'. कबुतरांना व्यायाम हवा, म्हणून नेड नेतो, एवढंच त्यांना माहीत. कोणतं पाखरू केव्हा सोडायचं हे मात्र तेच सांगायचे. सॉलोमन आधी, रूथ शेवटी. सॉलोमन देखणा नर, पण बायबलमधल्या त्या शेकडो बायकांच्या राजासारखाच. वाटेत त्याच्या बायका फार. रूथ अंड्यांवर बसलेली मादी, ती सरळ घरीच येणार. शेवटचा निकाल विश्वासाच्या पाखराकडे द्यायचा. पाखरू उतरलं की बाबा त्याला हातात घेत, छाती चाचपत, पायाचा दोरा सोडत, 'काचतो बिचाऱ्याला' म्हणून, आणि कागद न वाचता माझ्या हातात देत. मी तो स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायची. इतक्या मोठ्यानं, की ढाबळीत ऐकू जावं. मग थोड्या वेळानं ते आत येत. जिंकलं असलं तर काही न बोलता जेवत. हरलं असलं तर म्हणत, "वाटाण्यात मीठ जास्त झालंय."

नऊ वर्षं आई मीठ तेवढंच घालत होती.

त्या दिवशी पाच वाजले तरी सॉलोमन आला नाही. सव्वापाच झाले.

"बसला असेल कुठल्या तरी छपरावर दुसऱ्याच्या बायकोबरोबर," आत्या म्हणाली.

"नाहीतर ससाण्यानं धरला," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर जीभ चावली, कारण विनीचा चेहरा उतरला.

पाच पस्तीसला परसात पंख वाजले. मी धावले. रूथ होती. बाबा तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ चाचपत राहिले. तिच्या शेपटीतली दोन पिसं गेली होती आणि पाठीवर रक्ताची रेघ होती. "हिलाच धरलं होतं त्यानं," ते पुटपुटले. "तरी वेळेवर आली. शाबास गं पोरी."

कागद माझ्या हातात आला. आज मला तो मोठ्यानं वाचवेना.

"वाच," आई दारातून म्हणाली.

नेडचं अक्षर वाकडंतिकडं होतं. "शून्य–दोन. कथबर्टची पेनल्टी वाया गेली."

रूथ म्हणजे शेवट. विनीनं डोक्यावरून शाल ओढली आणि खुर्चीतच वाकली. इतका वेळ तिला टोचणारी आत्या उठली, तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून जगाला शिव्या द्यायला लागली. आधी टार्नफर्थला, मग पंचाला, मग ज्यानं पेनल्टी शोधून काढली त्या माणसाच्या आईला.

"केझाया!" आई म्हणाली.

"काय केझाया? आपलंच पोर आहे ना ते?"

मघापर्यंत तो विनीला 'तुझा नवरा' होता. आता आपलं पोर झालं.

बाबा ढाबळीतून खाली आले. आत येऊन त्यांनी टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मिठाचं बोलले नाहीत. मला म्हणाले, "हेस्टर, गरम पाणी दे. आणि थॉमसिना, माझी रविवारची कॉलर कुठेय?"

"आज शनिवार आहे," आत्या म्हणाली.

"मला माहितेय कुठला वार आहे ते."

ते वर गेले. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. दोघींनाही एकाच वेळी ते दारातलं वाक्य आठवलं होतं.

वर ते काय करत होते ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, त्यांच्या शेवटच्या आजारात, त्यांनीच सांगितलं. कॉलरचं बटण बोटांत धरून ते पलंगावर बसले होते आणि पोराला काय बोलायचं याची तालीम करत होते. पाचशे माणसांपुढे कागदाशिवाय बोलणारा माणूस! पहिलं वाक्यच सुचेना. 'बाळ' म्हणावं, तर तो तीस वर्षांचा. 'कथबर्ट' म्हणावं, तर ते नाव नऊ वर्षांत जिभेवर आलेलं नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी खाली परसात पुन्हा पंख वाजले. सॉलोमन छपरावर उतरला, गळा फुगवून चार पावलं इकडे, चार तिकडे चालला, आणि मग जणू आत्ताच आठवलं म्हणून ढाबळीत शिरला.

"आला मेला, मध्यंतर घेऊन," आत्या म्हणाली. "आता काय करायचंय त्याचं?"

आई स्वतः गेली. दोरा सोडताना मी तिच्या शेजारी होते. तिनं वाचलं, माझ्या हातात दिलं, परत घेऊन वाचलं.

"तीन–दोन. शेवटचा कथबर्टचा. वर गेलो!"

"आई, हे कसं…" मी म्हणायला लागले आणि मलाच कळलं. आधी तीन केलेले गोल नंतर शून्य होत नाहीत. नेडनं पाखरांची अदलाबदल केली होती. रूथ मध्यंतराची होती, ससाण्याच्या भीतीनं ती तासभर कुठे तरी लपून बसली होती. मी तोंड उघडलं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा, कांद्याच्या वासाचा हात.

"अं हं."

"अगं पण बाबा…"

"बाबा कॉलर लावतायत," आई म्हणाली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा. लावू दे."

"आणि विचारलं तर?"

"विचारलं तर सांगीन. खोटं नाही बोलायचं मला." कागदाची घडी करून तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली. "पण तुझ्या बाबांनी, या जेबेझ रेननं, आजपर्यंत मला कधी काही विचारलंय?"

जिन्यावर बाबांची पावलं वाजली. रविवारचा काळा सूट, हातात काठी. विनी उठून उभी राहिली. बाबा तिच्याजवळ गेले, तिच्याशी थेट असं ते फार बोलत नसत. म्हणाले, "पोरी, रडू नकोस. वर, कोळसा चाळायच्या शेडमध्ये जागा आहे. सोमवारी मी स्वतः मॅनेजरला भेटतो. खाली नाही पाठवणार त्याला. पाण्यात तर नाहीच."

विनी आणखीच रडायला लागली. मी खिडकीकडे तोंड केलं, नाहीतर मी हसले असते किंवा रडले असते.

"थांब, मीही येते," म्हणून आईनं शाल घेतली. एप्रन काढायला ती विसरली. म्हणजे, विसरली असं ती म्हणाली.

दोघं कोपऱ्यावर वळल्यावर मी दार लावलं आणि सांगितलं. आत्यानं विनीला मिठी मारली ती इतकी जोरात की चटईची चौकट खाली आली. मग अचानक गंभीर होऊन म्हणाली, "आणि थॉमसिनानं लपवलं? चॅपेलमध्ये माझ्याशेजारी बसते ती थॉमसिना?" आणि मग, "मला वाटलं नव्हतं तिच्यात एवढं असेल." आयुष्यभरात आत्यानं आईचं केलेलं ते एकमेव कौतुक. आम्ही तिघी शाली खांद्यावर टाकून कोळशाच्या वॅगनच्या वाटेनं निघालो.

त्याच वेळी गाडीत कथबर्ट खिडकीशी बसला होता. डब्यात गाणी चालली होती, त्याला कुणी बसू देत नव्हतं, तरी तो बसला. समोर नेड मांडीवर रिकामी टोपली घेऊन.

"एक सांगतो, मारू नकोस," नेड म्हणाला. "मध्यंतरात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. टोपलीत हात घातला आणि जे आलं ते सोडलं. उडाल्यावर बघतो तर रूथ!"

"रूथ? शून्य–दोन घेऊन?"

"आणि पेनल्टीचंही लिहिलं होतं."

"म्हणजे घरी वाटणार, हरलो."

"अरे, सॉलोमन पोचेल की."

"सॉलोमन? तो पुढच्या रविवारी पोचेल."

नेड हसला. कथबर्ट नाही हसला. हे नेडनंच मला सांगितलं. म्हणाला, तो खिडकीबाहेर बघतच हळूच बोलला, "नेड, एक वेडं बोलू? मला वाटतंय, नाहीच पोचला तर बरं."

स्टेशन दीड मैलावर. तार यायची ती तिथंच, गावात नाही. गावातले पुरुष दुपारीच बँड घेऊन तिथं जाऊन बसले होते. जिंकले तर वाजवायचं, हरले तर वाद्यं गोणपाटात गुंडाळून गुपचूप परत, असं ठरलेलं. त्यामुळे वाटेत आईबाबांना कुणी भेटलं नाही. बाबा काठी टेकत चालत होते, दर शंभर पावलांना थांबत होते.

"काय म्हणू गं त्याला पहिल्यांदा?"

"जे येईल ते म्हण."

"काही येत नाही."

आई म्हणायची, त्या वाटेवर तो कागद खिशात निखाऱ्यासारखा भाजत होता. दोनदा तिचा हात खिशात गेला आणि दोनदा तिनं तो बाहेर काढला. बाबा म्हणत होते, "त्या जागेची चिठ्ठी काही त्यानं काढली नव्हती. माझ्याच हातानं काढली होती मी. नऊ वर्षं मला ते ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जिंकतच होता गं तो. जिंकणाऱ्याला काय सांगायचं?"

अर्धा मैल राहिला आणि वाऱ्यावरून बँडचा आवाज आला. आधी मोठा ढोल, मग शिंगं.

बाबा थांबले.

"हे का वाजवतायत?"

हा प्रश्नच होता. आईनं खिशातून कागद काढून दिला. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, उलटून पाठ पाहिली, पुन्हा वाचलं.

"कधी आलं हे?"

"तू कॉलर लावत होतास तेव्हा."

"चाळीस वर्षांत तू मला फसवलं नाहीस, थॉमसिना."

"आजही नाही. तू आत्ता विचारलंस, मी आत्ता सांगितलं."

"मी म्हटलं होतं, हरेल तेव्हा येईन. जिंकलाय तो. तिथं माझं काम नाही."

"काम नसताना जातात माणसं, जेबेझ. त्यांना पाहुणे म्हणतात."

बाबा मागे वळले. खरंच वळले, मी पाहिलं. आम्ही तोवर मागून पोचलो होतो आणि वळणावर थिजून उभ्या राहिलो होतो. आईनं त्यांचा हात धरला नाही. फक्त म्हणाली, "घर एक मैल मागे आहे, स्टेशन अर्धा मैल पुढे. मला विचारू नकोस. तुझ्या गुडघ्यांना विचार."

बँडनं एक पूर्ण धून संपवली. मग बाबांनी कागदाची घडी केली, स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि काठी पुढे टाकली.

आम्ही पोचलो आणि गाडी आली. प्लॅटफॉर्मवर मुंगीला जागा नव्हती. पण काळा सूट आणि काठी दिसली तशी माणसं बाजूला व्हायला लागली. टोप्या निघाल्या. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि ढोलवाल्याचा हात वरच राहिला. बँड एकेक वाद्य करत गप्प झाला.

गाडीतून कथबर्ट उतरला तो चारपाच जणांच्या खांद्यांवरूनच. सगळे का थांबले हे त्याला आधी कळेना. मग त्यानं पाहिलं.

"खाली सोडा मला," म्हणाला. "सोडा म्हणतो ना!"

दोघं समोरासमोर उभे राहिले. कथबर्ट किंचित लंगडत होता, बाबा काठीवर झुकलेले. बापलेक इतके सारखे उभे असतात हे मला त्या दिवशी दिसलं.

"तू हरलास म्हणून आलो होतो," बाबा म्हणाले.

"हरलोच होतो, बाबा. अर्धा सामना."

"मग त्या अर्ध्यासाठी आलो असं धर."

कथबर्टनं मान हलवली. बाबा खाली त्याच्या पायांकडे बघत होते.

"ती वाया गेलेली पेनल्टी. उजवा की डावा?"

"उजवा. डाव्याची भीती वाटली, मोडलेला म्हणून."

"आणि शेवटचा गोल?"

"तीही पेनल्टीच होती. ती डाव्यानं मारली."

बाबांनी काठी एकदा जमिनीवर आपटली. तो आवाज प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेला.

"आपल्या परसातल्या संडासाच्या दाराला जेवढी भोकं आहेत तेवढी सगळी डाव्या पायाची आहेत. मी स्वतः बुजवलीत. मग पहिल्यांदाच डाव्यानं का नाही मारलीस, गाढवा?"

काय हशा पिकला म्हणून सांगू! कथबर्ट हसत हसत रडत होता. विनी गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचली. ढोलवाल्याचा वर राहिलेला हात एकदाचा खाली आला. बाबांनी नेडच्या हातातली रिकामी टोपली घेतली, उघडून आत पाहिलं, आणि म्हणाले, "रूथला आधी सोडलीस. तुझ्याशी मी उद्या बोलतो."

मग गाव निघालं. पुढे बँड, मागे आम्ही. चॅपेलच्या माणसानं बँडमागून चालायचं नाही असा बाबांचा नियम होता, म्हणून ते रस्त्याच्या कडेकडेनं चालले, एका हातात काठी, दुसरा हात कथबर्टच्या खांद्यावर. पण मी मागून बघत होते. त्यांची काठी ढोलाच्या ठेक्यावर पडत होती, घरापर्यंत, एकदाही न चुकता.

घरी गेल्यावर सगळे टेबलाशी दाटीवाटीनं बसले. बाबांनी पहिला घास घेतला, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "थॉमसिना, वाटाण्यात मीठ अगदी बरोबर आहे."